हुंकाराची धनीण

कॅटरॉगस ओढ्याच्या काठी, सेनेका या आदिवासी लोकांच्या वस्तीत, मर्टलची ओळख करून द्यावयाची झाली तर लोक म्हणत, “ही मर्टल. हिची बहीण कथा सांगते.” यात अनादराचा लेश नसे, आणि मर्टललाही तो कधी वाटला नाही. अल्झिना तिच्याहून थोरली. तिची वाणी प्रवाही, स्मरण दांडगे, आणि मुद्रा अशी की तिने अस्वलाचे नाव घेताच मुलांनी दाराकडे पाहावे. हिवाळा लागला की लोक बर्फ तुडवीत तिच्याकडे येत. कोणी खारवलेल्या मांसाचा तुकडा आणी, कोणी तंबाखूची वळी, कोणी घेवडा घालून उकडलेली मक्याची भाकर. कारण कथा रिकाम्या हातांनी ऐकावयाची नाही, असा तेथील संकेत. ती सारी भेट अल्झिनाच्या पुढ्यात पडे. मर्टल शेगडीच्या अलीकडे बसून मक्याच्या कणसांच्या वेण्या घालीत असे, आणि मधूनमधून म्हणत असे, “हं.”

एवढेच तिचे काम. पण ते काम लहान नव्हते.

ऐकणाऱ्याने ठायी ठायी हुंकार द्यावा, ही त्या लोकांची फार जुनी रीत. हुंकार आहे तोवर कथा आहे. तो थांबला, की ऐकणाऱ्याला झोप लागली किंवा त्याचे मन उठून दुसरीकडे गेले असे समजावयाचे, आणि सांगणाऱ्याने तेथेच थांबावयाचे. मुले हुंकार देत, पण ती मुलेच. अर्ध्या वाटेत त्यांना पेंग येई. मर्टलला कधी आली नाही. तिच्या एका ‘हं’चे किती प्रकार होते, हे अल्झिनाच जाणे. कथेतला तरुण निषिद्ध वाटेला लागला की तो ‘हं’ दबका होई. एखादे पोर डुलकी घेऊ लागले की तो त्याच्या कानाशी टाचणी टोचावी तसा येई. आणि अल्झिनाला पुढचे आठवेनासे झाले तर मर्टल आपला हुंकार लांबवीत नेई, इतका, की तेवढ्यात बहिणीला धागा सापडावा आणि सभेला काही कळू नये.

त्याहून मोठी गोष्ट तिचे मौन. एका हिवाळ्यात अल्झिना फार थकली होती आणि लवकर अंथरुणाला पाठ टेकावी म्हणून तिने कथेतल्या साळिंदराला गुपचूप वगळले. मुलांनी हुंकार दिला. मर्टलने दिला नाही. ती वेणी घालीत राहिली. अल्झिनाने एकदा खाकरून पाहिले, दोनदा पाहिले, आणि मग म्हणाली, “बरं बाई. तेवढ्यात तिकडून साळिंदर आलं.”

“हं,” मर्टल म्हणाली.

“मेलं ते साळिंदर एकदाचं, तर मला झोप मिळेल,” असे पुटपुटत अल्झिनाने त्याची सारी हकीकत काट्याकाट्यासह सांगितली.

त्यांच्या आईला हे फार पूर्वीच उमगले होते. ती म्हणे, “थोरलीला तोंड मिळालं, धाकटीला कान. दोघींना तोंडं मिळाली असती तर या घरात झोपलं कोण असतं?” ते घर त्या आईचेच होते, तिच्या आईकडून तिला आलेले, आणि तिच्यामागून या दोघी लेकींना. कूळ बगळ्याचे. मर्टलचा नवरा क्लेटन लग्नानंतर त्याच घरात राहावयास आला. तो रेल्वेच्या रुळांवर काम करी आणि महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असे. घरी आला की तक्रार करी, “बहिणीला हं म्हणतेस तसं मला कधी म्हणत नाहीस.” त्यावर मर्टल म्हणे, “तुझ्या बोलण्यात पुढं काय येणार ते मला आधीच ठाऊक असतं.” क्लेटन पुढे न्यूमोनियाने गेला. मूलबाळ नव्हते. परंतु त्या लोकांत आईची बहीण ही आईच. तेव्हा अल्झिनाची मुलगी डार्लीन ही दोघींची मुलगी. ती मर्टलला धाकटी आई म्हणे.

शरदात मर्टल टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला जाई. तेथेही सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्याशेजारी उभे राहावयास धडपडत. जावयांच्या आळसापासून मुलींच्या चोरट्या प्रेमापर्यंत काय वाटेल ते तिच्या कानात ओतावे, आणि हलके होऊन घरी जावे. तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडले नाही. ते तोंड, लोक थट्टेने म्हणत, केवळ जेवणासाठी होते.

अशी ती सत्तरीच्या उंबरठ्याशी आली, आणि त्या वर्षी मका काढून झाल्यावर अंगणात कणसे सोलता सोलता अल्झिना सालींच्या ढिगावर कलंडली.

इस्पितळातून ती परत आली तेव्हा तिचे उजवे अंग निश्चेष्ट झाले होते आणि वाणी गेली होती. ज्या मुखातून अवघा हिवाळा वाहत असे, त्यात आता एकच ध्वनी उरला होता. “हं.” सूप हवे का म्हटले की हं. नको का म्हटले तरी हं. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले होते, “तुमचं नाव अल्झिना का?” हं. “तुमचं नाव मर्टल का?” हं. खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना, “आज बर्फ पडतंय का?” हं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी डार्लीनला बाजूला नेऊन सांगितले की आवाज राहिला आहे, अर्थ राहिला आहे असे वाटत नाही.

डार्लीन बफेलो शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. दर रविवारी ती गाडी हाकीत येई, आईला न्हाऊ घाली, अंथरूण बदली आणि अंधार पडण्यापूर्वी परत जाई. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने विषय काढला.

“माझ्या घराजवळ एक शुश्रूषागृह आहे. नाताळाच्या सुमारास खाट रिकामी होईल म्हणतात. मी नाव घातलंय.”

मर्टल राखेच्या पाण्यात उकळलेला मका टोपलीत घेऊन चोळीत होती. तिचे हात थांबले नाहीत. “तिथं तिच्याशी सेनेकात बोलणारं कोण आहे?”

“धाकटी आई, तिला कोणत्याच भाषेत कळत नाही. मी विचारलं, आई, मी कोण, डार्लीन का? हं. मग विचारलं, मी दूधवाला का? हं.”

“दूधवाला देखणा आहे. त्यात तिचं काय चुकलं?”

डार्लीनला हसू आले, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवून डोळे पुसले. “तिला उचलताना तुझी कंबर गेली, तर मी दोघींना कुठं ठेवू?”

“मला रस्त्याकडच्या पायरीवर ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याला हं म्हणेन.”

“थट्टा पुरे. तिला थोडं जरी कळत असतं ना, तर मी तिला या घरातून हलवलं नसतं. नोकरी सोडून इथं आले असते. पण तिला इथलं आणि तिथलं सारखंच असेल, तर तिथं निदान रात्री नर्स असते.”

या बोलण्यात खोट काढावी असे काही नव्हते, आणि म्हणूनच ते मर्टलच्या जिव्हारी लागले. तिने टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मला तिला एक कथा सांगून बघू दे.”

“तू?” डार्लीनने तिच्याकडे नवलाने पाहिले. “तू कधी सांगितलीस कथा?”

“नाही. पण सगळ्या ऐकल्यात.”

“मग सांग. आत्ता सांग. मी थांबते.”

मर्टलने खिडकीबाहेर पाहिले. ऊन पडले होते, आणि पायरीजवळच्या दगडावर पिवळ्या पट्ट्याचा एक पाणसर्प अंग शेकीत होता. “आत्ता नाही,” ती म्हणाली. “बर्फ पडू दे.”

“इथं कोण ऐकतंय?”

“तोच ऐकतोय.”

डार्लीनने सापाकडे पाहिले. शहरात राहून ती काही तेवढी बदलली नव्हती. जमीन जागी असताना कथा सांगितली तर रानातले प्राणी ऐकत बसतात, आपापली कामे विसरतात, वेली वाढावयाच्या थांबतात, आणि साप घराच्या उंबऱ्यात येऊन बसतात, हे तिला जन्मापासून ठाऊक होते. अल्झिनाने तर उन्हाळ्यात कथेतली एक ओळही कधी ओठांवर येऊ दिली नव्हती. तिच्या वाणीला जागे करावयाचे, आणि तेही तिने आयुष्यभर पाळलेला नियम मोडून, हे मर्टलला करवणार नव्हते.

मग बर्फाची वाट पाहणे सुरू झाले. तिकडचे बर्फ नेहमी वस्तीपलीकडच्या मोठ्या सरोवरावरून येई, आणि त्या वर्षी ते सरोवर जणू हट्टाला पेटले होते. वारे येत, ढग येत, पाऊस येई. पण बर्फ येईना. दुपारी ऊब पडली की साप पुन्हा दगडावर. मर्टल त्याला म्हणे, “जा ना रे आता. तुझं अंथरूण थंड पडलं असेल.”

या काळात तिच्या मनात जे चालले होते ते तिने कोणाला सांगितले नाही. ती एकटी असताना एखादी कथा मनात आठवून पाही, आणि तिला कथेची पहिली दोन वाक्ये तेवढी सापडत. पुढे नुसता अल्झिनाचा आवाज ऐकू येई, शब्दांवाचूनचा. आपण खरेच कथा ऐकल्या, की केवळ बहिणीचा श्वास ऐकत आलो, अशी शंका तिला पोखरू लागली. आपल्याला सांगता आले नाही तर अल्झिना शहरात जाईल. सांगता आले, आणि तरी तिचा हुंकार शेगडीवरच्या किटलीच्या आवाजासारखा निरर्थकच ठरला, तर ती गेलेलीच आहे असे आपण आपल्या कानांनी ऐकू. या दुसऱ्या गोष्टीचे भय तिला अधिक होते.

नाताळ जवळ आला असता एका शनिवारी तिन्हीसांजेला सरोवरावरून बर्फ आले. रविवारी उजाडले तेव्हा कुंपण दिसत नव्हते. डार्लीनची गाडी दुपारच्या सुमारास कशीबशी दारी लागली. तिच्या हातात एक नवी बॅग होती.

“खाट मिळाली,” ती दारातच म्हणाली. “उद्या सकाळी न्यायचं आहे. धाकटी आई, माझ्यावर रागावू नकोस.”

“रागावले नाही. बूट काढ आणि बस. बर्फ पडलंय.”

अल्झिना शेगडीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर गोधडी. मर्टलने आपली नेहमीची जागा सोडली आणि ती समोरच्या, अल्झिनाच्या जागेवर जाऊन बसली. ती जागा तिला खूप उंच वाटली. मक्याच्या काही कोरड्या साली तिने बहिणीच्या चालत्या हातात दिल्या, त्याला काही काम असावे म्हणून. मग ती सेनेकात सांगू लागली.

“फार पूर्वी मका धुवायची टोपली इतकी घट्ट विणत, की पाणी आत जाई पण बाहेर येईना.”

“हं,” अल्झिना म्हणाली.

मर्टलने झटकन डार्लीनकडे पाहिले. डार्लीनने हळूच मान हलवली. “ती कशालाही म्हणते गं.”

“सालपटं दाण्यांनाच चिकटून राहत. आपल्या कुळातली एक म्हातारी ओढ्याकाठी बसून रोज मका चोळायची, आणि तिच्या नातवंडांच्या घशात रोज सालपटं अडकायची.”

“हं.”

“एक दिवस ती टोपली आपटून रडायला लागली.”

“हं.”

कथा येत होती. मर्टलला आश्चर्य वाटले. बहिणीच्या तोंडून हुंकार आला की पुढचे वाक्य आपोआप जिभेवर येऊन बसत होते, अंधारात हाताला कठडा लागावा तसे. परंतु दाराशी ती नवी बॅग उभी होती, आणि मर्टलची नजर पुन्हा पुन्हा तिच्यावर जात होती. आवाज घाईला आला. “तिचं रडणं ऐकून साळिंदर आलं. म्हणालं, आजी, माझा एक काटा घे, आणि दोन पट्ट्यांमध्ये तेवढी फट ठेव.”

अल्झिना काही बोलली नाही.

मर्टल थांबली. शेगडीत लाकूड फुटले. बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरला. ती वाट पाहत राहिली. पण हुंकार आला नाही, आणि हुंकारावाचून पुढे जाणे तिला माहीतच नव्हते.

“झोपली,” डार्लीन हलक्या आवाजात म्हणाली. “पुरे आता, धाकटी आई. तू फार छान सांगत होतीस.”

मर्टलने बहिणीकडे पाहिले. अल्झिना झोपली नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि मांडीवरचा हात मक्याच्या सालीला पीळ घालीत होता. सावकाश, नेटका, घातलेला पीळ न सोडता. असे हात मर्टलने कुठे पाहिले होते? तिला क्षणभर आठवेना. मग आठवले, की ते तिचे स्वतःचेच होते. कित्येक हिवाळ्यांपूर्वी, साळिंदर वगळले गेले त्या संध्याकाळी, ती अशीच वेणी घालीत राहिली होती.

“तिनं हं म्हटलं नाही,” मर्टल म्हणाली.

“तेच तर म्हणते मी.”

“अगं, तिनं हं म्हटलं नाही. वाचा गेल्यापासून ती कशाला हं म्हणाली नाही, सांग बरं. डॉक्टरला म्हणाली. दूधवाल्याला म्हणाली. साळिंदराला म्हणेना.” तिने खुर्ची पुढे ओढली. “बरं, ताई. म्हातारी रडायला लागली. तेवढ्यात पाण्यातून पाणउंदीर वर आला.”

“हं,” अल्झिना म्हणाली.

तो हुंकार आखूड होता आणि त्यात किंचित कुरकुर होती, जशी एखाद्याला आपल्या घरात पावलांना माती लावून आलेल्या पाहुण्याबद्दल असावी. डार्लीन उठून उभी राहिली.

“पाणउंदरानं टोपलीच्या बुडाला भोकं पाडली,” मर्टल सांगत गेली, “पण इतकी मोठी, की दाणे गळाले. गळालेले दाणे त्यानंच खाल्ले, म्हणून त्याचे गाल अजून फुगलेले.”

“हं.”

“मग साळिंदर आलं.”

“हं.”

डार्लीन खाली वाकली. तिने आईच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला आणि लहानपणच्या अडखळत्या सेनेकात, शब्द चाचपडत म्हणाली, “आणि शेवटी... शेवटी कासव आलं.”

अल्झिनाने तिच्याकडे पाहिले. मुखातून शब्द निघाला नाही, हुंकारही नाही. पण ती नजर डार्लीनच्या परिचयाची होती.

“शाळेतला डबा तसाच परत आणला, की असंच बघायची,” डार्लीन म्हणाली. ती जमिनीवरच बसली आणि तिने आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकले. “बगळा आला, आई. बगळा. ठाऊक आहे मला.”

“हं,” अल्झिना म्हणाली.

मर्टलला हसू आवरेना. “बघ कशी आहे. डॉक्टरशी बोलायला नको, माझ्या चुका काढायला तेवढी जागी.”

“पण मग डॉक्टरांना ती तसं का म्हणाली?”

“ते मला काय ठाऊक? ते परक्या भाषेत भराभर विचारत होते. तिला वाटलं असेल, सांगतोय बिचारा काहीतरी, सांगू दे.”

याहून चांगले उत्तर पुढेही कोणाला सापडले नाही, आणि मर्टलला त्याची गरज भासली नाही. तिच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. कथांचे घर शाबूत होते. एक दार बंद झाले तर दुसऱ्या दाराने आत जाता येत होते. आपल्याला सारे आठवते का, ही शंकाही आता शंका राहिली नव्हती. चुकले, तर थांबविणारे कोणी समोर बसले होते.

मग डार्लीनने सरपणाची मोळी टाकावी तशी नोकरीची, रजेची, भाड्याच्या खोलीची कितीतरी बोलणी एकदम पुढ्यात टाकली. खोली सोडता येईल, गावातल्या शाळेत विचारता येईल, तोवर आठवड्यातून दोनदा येता येईल. मर्टल ऐकत होती. सवयीने तिच्या तोंडून “हं” निघाला, आणि त्याच क्षणी समोरूनही निघाला. तिघींनाही ते ऐकू आले. डार्लीन म्हणाली, “आता या घरात बोलायचं कोणी?”

“कथा संपू दे आधी,” मर्टल म्हणाली. “म्हातारी ओढ्याकाठी तशीच बसलीय.”

तिने कथा पुरी केली. बगळा पहिल्यापासून तेथेच पाण्यात एका पायावर उभा होता. तो घाई करीत नाही, म्हणून तो शेवटी बोलला. म्हणाला, माझ्या बोटांमध्ये पाणी ज्या फटीतून जातं आणि मासा जात नाही, तेवढी फट ठेव. म्हातारीने साळिंदराच्या काट्याने ती फट मोजून घेतली. पाणी गेले, सालपटे गेली, दाणे राहिले. अल्झिनाने एकही हुंकार चुकविला नाही, आणि शेवटच्या वाक्यावरचा तिचा हुंकार लांब, मऊ आणि समाधानाचा होता. तसा हुंकार मर्टलने स्वतः शेकडो वेळा दिला होता. घेतला मात्र त्या दिवशी प्रथमच.

ती उठू लागली तेव्हा डार्लीनने तिला बसविले. “थांब. रिकाम्या हातांनी ऐकलं म्हणतील.”

तिने घरभर पाहिले. खारवलेले मांस मर्टलचेच, मका मर्टलचा, तंबाखूही मर्टलच्याच फडताळातली. डार्लीनने स्वतः आणलेले असे तेथे एकच होते. तिने ती नवी बॅग ओढली, उघडली, आणि आत सर्वांत वर ठेवलेला लोकरीच्या अस्तराच्या सपातांचा जोड काढला. शुश्रूषागृहाने प्रत्येकीसाठी आणावयास सांगितलेला, आईच्या मापाचा.

“हे कथेचं,” असे म्हणून तिने तो मर्टलच्या मांडीवर ठेवला.

मर्टलने सपाता पायांत घातल्या. अल्झिनाचे पाऊल थोर, तिचे लहान. टाचांमागे दोन बोटे जागा उरली. ती शेगडीपर्यंत फटक् फटक् करीत गेली, सुपाच्या भांड्याचे झाकण उचलले, आणि वळून म्हणाली, “मोठ्या होतात गं मला.”

“हं,” अल्झिना म्हणाली.